ओसरीवरचा फळा

कोराडीच्या वीजकेंद्रात स्थापत्य विभागात मी बत्तीस वर्षं काढली. पाया, खांब, स्लॅब, जे बांधलं ते सिमेंटानं. म्हणून सावनेरच्या वाटेवरच्या मामाच्या गावात मालगुजारी वाड्याच्या ओसरीचा गिलावा सुटला, तेव्हा लोकांनी मलाच विचारलं. मी सांगितलं, जुनं खरवडा, सिमेंट मारा. तिसऱ्या पावसाळ्यात तो गिलावा विटांचे पापुद्रे घेऊन खाली आला.

मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. १८६०च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात त्यांना गावाची मालकीच दिली. ३१ मार्च १९५१ रोजी ती कायद्यानं संपली, पण वाडे उभे राहिले. आमच्या वाड्यात सागवानी खांब, माडी, वर कवेलू. ओसरीवर पटवारी बसायचा, आलेली पत्रं वाचून दाखवली जायची, कोतवालाची दवंडी तिथूनच निघायची. पुढे तिथल्या भिंतीवर काळा फळा आला. रेशन कधी येणार, ग्रामसभा कधी, कोणाची गाय हरवली, सगळं खडूनं लिहिलेलं. माझ्या मामाच्या तेरवीचं आमंत्रणही मी त्याच फळ्यावर वाचलं.

दुरुस्तीचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा एक म्हातारी उठली. "माह्या बापानं या पायऱ्यांवर चपला हातात घेतल्या होत्या," ती म्हणाली, "आता ह्याले सजवता कायले?" सभा गप्प झाली. तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते कामाच्या कागदात लिहून ठेवा, असा आग्रह मी धरला. शेवटी तिनंच अट घातली: माडी कोणाचीही असो, ओसरी गावाची राहील. नऊ वारसदारांच्या सह्या मिळवायला दोन वर्षं गेली. त्यापुढे गवंडीकाम सोपंच म्हणायचं.

गवंडी म्हातारा, चुन्याचं काम वडिलांकडून शिकलेला. माझा गिलावा बोटानं टोकरून तो म्हणाला, "सिमेटानं भितीचं तोंड दाबलं तुम्ही, भाऊ. तिले दम घेऊ द्या." ते माझ्या मनाला लागलं, कारण त्यामागचं शास्त्र मला ठाऊक असायला हवं होतं. आमची काळी माती पाणी धरून ठेवते. ते पाणी पायातून विटांत चढतं. चुन्याच्या गिलाव्यातून त्याची वाफ होऊन निघून जाते. सिमेंट ती वाट अडवतं. मग ओल भिंतीत आणखी वर चढते, क्षार साचून लोणा लागतो, विटा भुगा होतात आणि भिंतीत घुसलेली सागाच्या तुळयांची टोकं कुजतात. आमच्याकडे चार तुळया अशाच गेल्या होत्या. पूर्ण तुळई न बदलता कुजलेलं टोक कापून नवा साग खाचेत बसवला.

चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून कळीचा चुना उरतो. पाण्यात टाकला की तो खदखदतो. तो मुरवायचा, वाळूबरोबर घाण्यात मळायचा, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला तोच वायू परत ओढून घेत हळूहळू दगड होतो. घाईच्या माणसाचं हे काम नाही. सिमेंटचं पेटंट १८२४चं. पुण्याचा विश्रामबागवाडा त्याच्याही आधी, १८०७च्या सुमाराला, उभा राहिला. त्याची दुरुस्ती झाली, तो आज पाहता येतो. आमच्या नागपूरचं नशीब तसं नव्हतं. काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाचा भोसल्यांचा राजवाडा १८६४च्या आगीत गेला. महाल भागात त्याचं मोठं प्रवेशद्वार तेवढं उरलं. लहान होतो तेव्हा बाबा मला त्याखाली उभं करून आत काय काय असेल ते सांगायचे. पुन्हा कोणाला नुसत्या दारावरून घर ओळखावं लागू नये, एवढ्यासाठी मी या कामात पडलो.

गेल्या महिन्यात ओसरीचा दुसरा हात झाला. फळा तात्पुरता कडुनिंबाला टांगलाय. परवा त्यावर त्या म्हातारीच्या नातीनं लिहिलं होतं: भिंत ओली आहे, टेकू नये. खाली दुसरी ओळ: शुक्रवारी रेशन.