संकेतस्थळ बंद पडले तर? – ऑनलाइन व्यवसायाच्या संरक्षणाचे उपाय

फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर 'ओव्हीएच क्लाउड' या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि पाच मजली इमारत भस्मसात झाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु सुमारे ३६ लक्ष संकेतस्थळे बंद पडली. त्यांत दुकाने, वृत्तसेवा आणि शासकीय कार्यालये यांचाही समावेश होता. ज्यांनी आपल्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवली होती, त्यांना पुन्हा उभे राहता आले. ज्यांची एकमेव प्रत त्याच इमारतीत होती, त्यांची माहिती कायमची नष्ट झाली.

ही घटना दूरदेशीची असली, तरी तिचा बोध आपल्या गावापर्यंत पोहोचणारा आहे. कोकणातील आंबा बागायतदार, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आज संकेतस्थळावरून मागणी नोंदवून घेतात. हापूसचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. ऐन हंगामात संकेतस्थळ दोन दिवस बंद राहिले, तर ग्राहक दुसरीकडे वळतो आणि पिकलेले फळ कोणासाठी थांबत नाही.

होस्टिंग म्हणजे काय?

संकेतस्थळाची पाने, मालाची छायाचित्रे व मागणीच्या नोंदी ज्या संगणकावर असतात त्यास सर्व्हर म्हणतात. असे सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवलेले असतात व त्यांतील जागा भाड्याने देण्याच्या सेवेस होस्टिंग म्हणतात. वीज जाणे, यंत्रात बिघाड होणे, केबल तुटणे, सॉफ्टवेअरमधील चूक, सायबर हल्ला अथवा केवळ भाडे भरावयाचे राहून जाणे, यांपैकी कोणत्याही कारणाने ही सेवा खंडित होऊ शकते.

पुष्कळ कंपन्या '९९.९ टक्के अखंड सेवे'ची हमी देतात. हा आकडा मोठा वाटला, तरी वर्षभराचा हिशेब केल्यास पावणेनऊ तासांचा खंड त्यात बसतो. हमी मोडली तरी भरपाई बहुधा होस्टिंगच्या भाड्यातील सवलतीपुरतीच मिळते. बुडालेल्या विक्रीची नव्हे. म्हणून करार करण्यापूर्वी त्यातील अटी, विशेषतः बॅकअपची जबाबदारी कोणाची, हे वाचून घेणे अगत्याचे आहे.

प्रत कोठे ठेवावी?

या क्षेत्रातील सर्वमान्य नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. होस्टिंग कंपनीने घेतलेला बॅकअप त्याच इमारतीत असेल, तर आगीच्या वेळी तो असून नसल्यासारखाच. मागण्यांची यादी दररोज सायंकाळी उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवल्यास, संकेतस्थळ नसतानाही कोणाला किती पेट्या पाठवावयाच्या हे कळते.

मात्र प्रत असणे आणि ती उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्षातून निदान दोनदा, त्यातही हंगामापूर्वी एकदा, ती प्रत दुसऱ्या सर्व्हरवर चढवून संकेतस्थळ खरोखर सुरू होते का आणि त्यास किती वेळ लागतो, हे तपासावे. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

नावाची किल्ली आपल्या हाती

संकेतस्थळाचे नाव, म्हणजेच डोमेन, होस्टिंग कंपनीहून वेगळ्या कंपनीकडे नोंदविणे हिताचे असते. एक कंपनी बंद पडली तरी नाव दुसऱ्या सर्व्हरकडे वळविता येते. हा बदल ग्राहकांपर्यंत लवकर पोहोचावा यासाठी डोमेनच्या नोंदीतील मुदत आधीच कमी, उदाहरणार्थ पाच मिनिटे, ठेवावी. अनेक ठिकाणी डोमेन संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या तरुणाच्या नावावर असते व तो नोकरीसाठी शहरात गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. डोमेन संस्थेच्याच नावे असावे, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत आणि नूतनीकरणाची तारीख दप्तरात नोंदलेली असावी.

संकेतस्थळ बंद पडल्याचे ग्राहकाकडून कळण्याची वेळ येऊ नये. दर काही मिनिटांनी तपासणी करून मोबाइलवर सूचना देणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत. खंडाच्या काळात दूरध्वनी व व्हॉट्सॲपवरून मागणी घेण्याची व्यवस्था ठेवावी, तसे ग्राहकांना त्वरित कळवावे आणि सेवा सुरू होताच जमा रकमांचा मागण्यांशी ताळमेळ घालावा.

कार्यालयांसाठीही तोच धडा

हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा नाही. दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली, तेव्हा सहाशेहून अधिक शासकीय संगणक प्रणाली बंद कराव्या लागल्या. कर्मचाऱ्यांची कागदपत्रे साठविणाऱ्या एका प्रणालीची बाहेर प्रतच नव्हती. तीतील माहिती नष्ट झाली.

गावातील बचत गटास, शाळेस वा ग्रामपंचायतीस संकेतस्थळ काढून देताना त्याची प्रत कोठे आहे, ती शेवटची केव्हा तपासली आणि पासवर्ड कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अवश्य विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे दप्तरात लिहिलेली असतील, तर यंत्र बंद पडले तरी व्यवसाय बंद पडणार नाही.