नळी घशात असताना

व्हेंटिलेटरवरचा माणूस बेशुद्धच असतो, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पण रुग्ण बरेचदा अर्धवट जागा असतो, सगळं ऐकत असतो. फक्त बोलू शकत नाही. घशातली नळी स्वरतंतूंच्या मधून खाली जाते, म्हणून आवाज फुटत नाही. न्यूमोनियाने अहिल्यानगरमधल्या सावेडीतल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत पडलो, तेव्हा हे मला कळलं.

तिथे मला सगळ्यात धास्ती वाटायची ती कफ ओढण्याची. सिस्टर नळीतून सक्शनची बारीक नळी आत सरकवते. छाती आवळते, खोकल्याची उबळ येते पण आवाज निघत नाही, डोळ्यांतून पाणी वाहतं. कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढली जाते, म्हणून हे दहा-पंधरा सेकंदांत उरकावं लागतं. रात्रपाळीची एक सिस्टर आधी कपाळावर हात ठेवून सांगायची, "काका, कफ काढते हं. खोकला येईल, घाबरू नका." दुसरी न बोलता करायची. काम दोघींचंही चोख. पण दुसरीच्या पाळीत मी नळीकडे हात न्यायचो आणि मग माझे हात खाटेला बांधले जायचे.

बांधलेल्या हातांनी पडून असताना 2021 ची भाऊबीज आठवायची. 6 नोव्हेंबरला आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड आयसीयूला आग लागली आणि त्याच दिवशी 11 रुग्ण गेले. आयसीयूतला माणूस स्वतः उठून दाराबाहेर जाऊ शकत नाही, याचा अर्थ मला तिथे पुरता समजला.

दिवे चोवीस तास चालू, मॉनिटरची टीं-टीं अखंड. दोन-चार रात्री धड झोप नाही म्हटल्यावर मन भरकटलं. आपण तारकपूर स्टँडवर आहोत, पुकारा होतोय आणि आपली गाडी काही लागत नाही, असं मला खरंच दिसायचं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. आजार, गुंगीची औषधं आणि मोडलेली झोप यांतून ते होतं आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत फार आढळतं. भेटीच्या वेळी मुलीने माझा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "बाबा, आज मंगळवार. संध्याकाळचे पाच वाजलेत. तुम्ही दवाखान्यात आहात." स्टँड तेवढ्यापुरता तरी नाहीसा झाला. मग तिने कागदावर मोठी मुळाक्षरं लिहून आणली. मी बोटाने 'टाच' दाखवलं. सिस्टरने पाहिलं तर टाच लाल झाली होती. पोटरीखाली कापडाची घडी ठेवून तिने टाच उचलून ठेवली आणि जखम टळली.

खाटेशेजारच्या माणसाचं हे मोल जुनंच आहे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्योर्न इब्सेन या डॉक्टरांच्या पद्धतीने सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने खाटेशी बसून, हाताने हवेची पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. आजचे आयसीयू त्यातूनच उभे राहिले. आजचे व्हेंटिलेटर नंतर आले, आधी खाटेशेजारी माणूस होता.

म्हणून नातेवाइकांना कळकळीची विनंती: आत जाताना रुग्णाचा चष्मा, कानाचं यंत्र आणि मुळाक्षरांचा कागद न्या. त्याला नावाने हाक मारा, वार आणि वेळ सांगा. त्याच्या उशाशी बिलाची चर्चा करू नका. आणि दवाखान्यांनी प्रत्येक खाटेवरून दिसेल असं एक घड्याळ भिंतीवर लावावं.