गाडीच्या एसीचं छोटं गॅरेज : आपल्या पोरांना जमेल का?

मंडळी, १ जूनला ट्रॉलर जेटीला लागतो तो ३१ जुलैपर्यंत. या ६१ दिवसांत घरातली तरुण पोरं एकच विचारतात, इंजिनाचं काम हाताला आहे, मग गाड्यांचं गॅरेज का नको? प्रश्न रास्त आहे. पण सगळ्या गाड्यांची सगळी कामं करणारी गॅरेजं म्हापसा-मडगावात पावलोपावली आहेत. एकच काम धरा. आमच्या मते किनाऱ्यावर ते काम गाडीच्या एसीचं.

कारण खारा वारा. एसीचा कंडेन्सर गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या. त्यावर मीठ आणि ओल बसली की धातू खात जातो, बारीक गळती लागते. आणि टॅक्सीवाल्याचा एसी बंद म्हणजे उन्हाळ्यात भाडंच गेलं.

आता खरी मेख. कितीतरी ठिकाणी नुसता गॅस भरून देतात, पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो, बंद नळ्यांतच फिरतो. एकदम कमी झाला तर तो कुठूनतरी गळतोय. म्हणून आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधायची आणि ती बंद करायची. मग व्हॅक्युम पंपाने हवा आणि ओल काढायची, काटा जागेवर राहतो का बघायचं. मगच आर-१३४ए गॅस, तोही वजन करून. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. जास्त भरला तर थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. जुना गॅस हवेत सोडू नका. कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.

सुरुवातीला गेज, पंप, वजनकाटा, नायट्रोजनचा सिलिंडर रेग्युलेटरसकट आणि जुना गॅस ओढून घेणारं साधं मशीन एवढं पुरे. सगळं आपोआप करणाऱ्या महागड्या मशीनसाठी आईचं सोनं बँकेत ठेवायचं काही कारण नाही. मुद्रा योजनेत तारण न देता शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पंचायतीचा परवाना लागेल. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

पण एक अडचण आधीच सांगतो. एसीच्या कामाची गर्दी मार्च ते मे, म्हणजे बोटी पाण्यात असतात तेव्हाच. बंदीत काम मंदावतं. त्यामुळे बंदीपुरतं गॅरेज हा हिशेब बसत नाही. दोन भाऊ असतील तर एकाने बोट सोडावी लागेल, आणि हे घरात बसून आधी बोलून घ्या. बंदीचे दोन महिने शिकायला मात्र चांगले: चालू गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली.

आणि हो, चष्मा-हातमोजे घाला. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. बर्फात हात घालायची सवय असली तरी कातडी जाळतो. गळती शोधायला ऑक्सिजनचा सिलिंडर कधीच जोडू नका, कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.