परक्या बंदरातील युद्धनौका : राजशिष्टाचाराचा अर्थ

'प्रोटोकॉल' या शब्दासाठी मराठीत 'राजशिष्टाचार' ही संज्ञा रूढ झाली असून महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारातही ती वापरली जाते. संज्ञा सुबोध आहे. परंतु तिच्यातील 'शिष्टाचार' या पदामुळे एक गैरसमज संभवतो. शिष्टाचार म्हणजे सौजन्य. ते पाळले तर शोभा आणि न पाळले तर फार तर उणेपणा, असे आपण मानतो. युद्धनौका परक्या देशाच्या बंदरास भेट देते तेव्हा पाळले जाणारे संकेत मात्र या जातीचे नाहीत. बाह्यतः ते आदरातिथ्याचे विधी दिसत असले, तरी वस्तुतः ती सार्वभौमत्वाविषयीची विधाने होत.

या विधानांची गरज का भासते, हे प्रथम पाहिले पाहिजे. व्यापारी जहाज परक्या बंदरात शिरले की सामान्यतः तेथील कायद्याच्या कक्षेत येते. त्याची झडती घेता येते, न्यायालयाच्या हुकुमाने ते अडकवूनही ठेवता येते. युद्धनौकेची गोष्ट वेगळी. 1812 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 'एक्स्चेंज' या गलबताचा दावा आला होता. हे गलबत मूळचे अमेरिकन नागरिकांचे. नेपोलियनच्या सत्तेने ते ताब्यात घेऊन त्याची युद्धनौका केली आणि पुढे ते फिलाडेल्फियाच्या बंदरात आले, तेव्हा मूळ मालकांनी त्यावर हक्क सांगितला. मित्रराष्ट्राची युद्धनौका स्थानिक न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेर असते, असा निर्णय सरन्यायाधीश मार्शल यांनी दिला. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदाविषयक करारात हेच तत्त्व ग्रथित झाले आहे. किनाऱ्याच्या राष्ट्राचे नियम युद्धनौकेने मानले नाहीत, तर तिला प्रादेशिक समुद्रातून तात्काळ निघून जाण्यास सांगता येते. अटक मात्र करता येत नाही.

म्हणजे एकाच धक्क्यावर दोन सार्वभौम सत्ता समोरासमोर उभ्या राहतात. हुकूम कोणीच कोणाला करू शकत नाही. म्हणून संमती आणि संकेत यांच्या आधारेच व्यवहार चालतो. भारताच्या 1976 च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्यानुसार परकीय युद्धनौकांनी भारताच्या प्रादेशिक समुद्रात येण्यापूर्वी केंद्र सरकारला पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. बंदरभेटीसाठी वकिलातीमार्फत रीतसर संमती मागितली जाते. तीत नौकेचे नाव, आकारमान, भेटीच्या तारखा आणि प्रयोजन नमूद असते. संमती मिळाल्यावर यजमान नौदल एक संपर्क अधिकारी नेमते. बंदरात शिरताना पाहुणी नौका यजमान राष्ट्राचा ध्वज डोलकाठीवर चढवून 21 तोफांची सलामी देते आणि किनाऱ्यावरील तोफखाना तितक्याच तोफांनी तिला उत्तर देतो. त्यानंतर नौकेचा कप्तान स्थानिक नौदलप्रमुख व मुलकी अधिकारी यांच्या भेटीस जातो आणि त्या भेटीची परतफेड होते.

या साऱ्या विधीत अर्थाच्या दृष्टीने सर्वात बोलकी गोष्ट म्हणजे तोफांची संख्या. 'सलामी' हा शब्द अरबी 'सलाम' वरून आला. त्याच्या व्यवहारातील अर्थात लहानाने मोठ्यापुढे वाकणे हा भाव आहे, आणि पूर्वीच्या सागरी प्रथेतही तो होताच. इंग्लंडच्या लगतच्या समुद्रात इतरांनी आपल्या ध्वजापुढे निशाण उतरवावे, हा इंग्रजांचा आग्रह होता. 1652 मध्ये डच व इंग्रज आरमारांत पहिली चकमक उडाली, ती याच कारणावरून. फेब्रुवारी 1778 मध्ये जॉन पॉल जोन्स या अमेरिकन कप्तानाने क्विबेरॉनच्या उपसागरात फ्रेंच आरमाराला 13 तोफांची सलामी दिली. उत्तरादाखल 9 तोफा झाल्या. हॉलंडसारख्या प्रजासत्ताकाला फ्रान्स जेवढ्या तोफांचे उत्तर देत असे, तेवढ्याच या होत्या. तरीही अमेरिकेच्या दृष्टीने ती मोठी प्राप्ती ठरली, कारण उत्तर देणे म्हणजेच राष्ट्र म्हणून ओळखणे. ब्रिटिश अमदानीत हिंदी संस्थानिकांची प्रतवारी तोफांनीच ठरे : बडोदे व ग्वाल्हेर यांना 21, कोल्हापूरला 19. आज सार्वभौम राष्ट्रांमध्ये तोफेला तोफ हा नियम आहे. 'सलामी' हा शब्द जुना राहिला, पण त्याच्या अर्थात समानता आली.

मराठी मुलखाला हा विषय नवा नाही. पोर्तुगीज सत्ता व्यापारी जहाजांना 'कार्ताझ' नावाचा परवाना घ्यावयास लावी; हा शब्दही मूळ अरबी 'किर्तास' म्हणजे कागद. मराठ्यांच्या व्यवहारात त्या जागी 'दस्तक' आणि 'कौल' हे शब्द आले. 'दस्तक' च्या मुळाशी फारसी 'दस्त', म्हणजे हात; 'कौल' म्हणजे अरबीत वचन. ज्याचा कागद जहाजावर, त्याची सत्ता समुद्रावर, असा हा हिशेब होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले असून कौल घेतलेल्या व्यापाऱ्यांस उपद्रव होऊ देऊ नये, असे बजावले आहे. 1713 मध्ये कान्होजी आंग्रे व मुंबईकर इंग्रज यांच्यात तह झाला, पण तो फार काळ टिकला नाही. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना जे अभय, तेच इंग्रजांचा माल किंवा निशाण वाहणाऱ्या इतरांच्या जहाजांनाही लागू आहे काय, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. कागदोपत्री तो जकातीचा वाद; तत्त्वतः तो कोणाचे निशाण कोठे चालते याचा वाद होता. 1756 मध्ये विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार जळाले, तेही पेशव्यांशी झालेल्या समजुतीने आलेल्या इंग्रजांच्या हातून. कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आणणारे नानासाहेब पेशवे जमिनीवर प्रबळ होते. परंतु दस्तकामागे उभे राहू शकेल असे बळ त्यानंतर त्या किनाऱ्यावर उरले नाही.

हे संकेत मोडले तर काय घडते, याचे अलीकडील उदाहरण 2012 चे आहे. अर्जेंटिनाच्या नौदलाचे 'लिबर्टाड' हे प्रशिक्षण-जहाज घानाच्या तेमा बंदरात संमतीने आले असता, अर्जेंटिनाच्या थकीत कर्जरोख्यांच्या दाव्यात तेथील न्यायालयाच्या हुकुमाने ते अडकवून ठेवण्यात आले. नोव्हेंबरात बंदर अधिकाऱ्यांनी ते बळाने हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा खलाशांनी शस्त्रे दाखवून विरोध केला. अखेर 15 डिसेंबर 2012 रोजी आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने जहाज सोडण्याचा आदेश एकमताने दिला. कर्जाचा दावा खरा की खोटा, हा प्रश्नच तेथे नव्हता. पाहुणी म्हणून स्वीकारलेली युद्धनौका कर्जाची तारण होऊ शकते काय, एवढाच प्रश्न होता.

तात्पर्य, 'राजशिष्टाचार' या संज्ञेत भर 'शिष्ट' या पदावर नव्हे, 'राज' या पदावर दिला पाहिजे. 'दस्तक' आणि 'कौल' या जुन्या शब्दांत अधिकार आणि वचन हे दोन्ही अर्थ उघड होते. आजच्या संज्ञेत ते सौजन्याच्या आड गेले आहेत. परिभाषा घडविणाऱ्यांनी आणि तिचा अभ्यास करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. कारण सौजन्याचा भंग विसरता येतो, सार्वभौमत्वाविषयीचे विधान एकदा केले की ते मागे घेणे कठीण असते.