काजू बीचा खरा भाव : वही, एक्सेल आणि सॉफ्टवेअर

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसलेला चंदगड तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. सीमा बदलली, तरी व्यापाराच्या वाटा बदलल्या नाहीत. बेळगाव, गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्याशी येथील देवघेव आजही अखंड चालू आहे. ऊस आणि बटाट्याबरोबरच या तालुक्याला काजूने ओळख दिली, आणि काजू बीवर प्रक्रिया करणारे लहान-मोठे कारखाने येथे उभे राहिले.

या उद्योगात भांडवलाचा सर्वांत मोठा भाग कच्च्या बीतच अडकतो. स्थानिक हंगाम मार्च ते मे एवढाच असतो. या तीन महिन्यांत केलेल्या खरेदीवर वर्षभराचा नफा-तोटा आणि बी फोडणाऱ्या, सोलणाऱ्या भगिनींचा रोजगार अवलंबून राहतो. विक्रेते मात्र अनेक : गावातील शेतकरी, फिरते व्यापारी, कोकण-गोव्यातील आडतदार आणि आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा देशांतून आलेला माल विकणारे आयातदार. यांतून निवड कोणत्या आधारावर करावी?

भाव एक, पडतळ दुसरी

किलोमागचा दर हा या व्यवहारातील सर्वांत ठळक आणि सर्वांत फसवा आकडा आहे. कारखानदार बी विकत घेतो, परंतु विकतो काजूगर. म्हणून तुलना व्हावयाची ती एक किलो काजूगर कितीला पडला याची.

त्यासाठी उतारा काढावा लागतो. निरनिराळ्या पोत्यांतून मूठमूठ बी घेऊन, ती मिसळून एक किलोचा नमुना करावा, बिया मोजाव्यात, त्या फोडून चांगला गर वेगळा तोलावा. २७२ ग्रॅम गर निघाला, तर व्यापारी भाषेत ८० किलोंच्या पोत्यामागे ४८ पौंड उतारा झाला. ३०० ग्रॅम निघाला, तर सुमारे ५३ पौंड.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. ‘अ’ विक्रेत्याचा दर १२० रुपये, वाहतूक व हमाली २ रुपये, उतारा २७२ ग्रॅम. ‘ब’ विक्रेत्याचा दर १२६ रुपये, वाहतूक व हमाली ३ रुपये, उतारा ३०० ग्रॅम. पहिल्याचा गर किलोला सुमारे ४४९ रुपयांना पडतो, दुसऱ्याचा ४३० रुपयांना. म्हणजे महाग दिसणारी बी एक टन काजूगरामागे अठरा हजार रुपयांहून अधिक वाचविते. ‘अ’ने तीस दिवसांची उधारी दिली आणि व्याज वार्षिक १२ टक्के धरले, तरी लाभ बीच्या किलोमागे १ रुपया २० पैसे एवढाच, पडतळ ४४४ रुपयांच्या खाली येत नाही.

ओलाव्याचेही तसेच. १२ टक्के ओलाव्याची १०० किलो बी ८ टक्क्यांपर्यंत वाळविली, की सुमारे ९५ किलो ६५० ग्रॅम उरते. म्हणून नमुने सारख्याच कोरडेपणावर तपासले नाहीत, तर तुलनेला अर्थ राहत नाही.

एक्सेलची शिस्त

हे सर्व वहीतही मांडता येते. परंतु वीस विक्रेत्यांचे शंभर व्यवहार झाले, की वही उत्तर देईनाशी होते. येथे एक्सेलसारखा तक्ता उपयोगी पडतो. त्याचे नियम थोडे, पण पाळण्याजोगे आहेत.

- प्रत्येक खेपेला एक स्वतंत्र ओळ : तारीख, विक्रेता, मालाचे मूळ, वजन, दर, वाहतूक, ओलावा, किलोतील बियांची संख्या, उतारा, उधारीचे दिवस.
- जुना दर पुसून नवा लिहू नये. मागील तीन हंगामांचे दर हीच खरी पुंजी.
- विक्रेत्याचे नाव एकाच पद्धतीने लिहावे, अन्यथा एक माणूस तिघांसारखा दिसतो.
- नमुन्याचा उतारा आणि प्रत्यक्ष कारखान्यात मिळालेला उतारा शेजारी-शेजारी मांडावेत. कोणाच्या शब्दावर किती विसंबावे, हे त्या दोन स्तंभांतून कळते.
- सूत्रांचे रकाने कुलूपबंद ठेवावेत.

सॉफ्टवेअर केव्हा?

शेजाऱ्याने घेतले, हे कारण पुरेसे नाही. खरी लक्षणे वेगळी आहेत : एकाच तक्त्याच्या चार प्रती फिरू लागतात आणि ताजी कोणती हे कोणी सांगू शकत नाही, तोच आकडा खरेदी, साठा आणि हिशेब अशा तीन ठिकाणी भरावा लागतो, सूत्रे घरातील एकाच मुलाला समजतात, अथवा ग्राहकाने डब्यातील मालाची तक्रार केल्यावर तो कोणत्या खेपेचा, हे शोधण्यात दिवस जातो.

तक्त्याची मर्यादा किती महाग पडू शकते, हे इंग्लंडने २०२० मध्ये अनुभवले. कोरोना चाचण्यांचे आकडे जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलीत घेतले जात होते. तिच्यात ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाहीत. परिणामी १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झालीच नाही.

तथापि नवी खरेदी करण्यापूर्वी घरात असलेल्याचा पूर्ण उपयोग करावा. अनेकांकडे टॅली आहेच. त्यात खेपनिहाय साठ्याची सोय असते. तेवढ्याने भागत नसेल, तर साधा हिशेब करावा. नोंदी जुळविण्यात महिन्याला वीस तास जातात आणि तासाचे मोल शंभर रुपये धरले, तर खर्च दोन हजार होतो. सॉफ्टवेअरचे शुल्क आणि शिकविण्याचा खर्च त्याहून बराच कमी असेल, तरच पुढे जावे. विक्रेत्याला चार प्रश्न अवश्य विचारावेत : आमची सर्व माहिती हवी तेव्हा एक्सेलमध्ये परत मिळेल का? इंटरनेट नसताना काम चालेल का? नावे मराठीत लिहिता येतील का? डब्यापासून पोत्यापर्यंत माग काढता येईल का? आणि बदल हंगामाच्या धांदलीत नको; पावसाळ्यात प्रारंभ करून काही महिने दोन्ही नोंदी समांतर ठेवाव्यात.

मापाचा धर्म

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे देण्या-घेण्याची मापे निराळी ठेवणे, याचा समावेश आहे. चोख नोंदीचा लाभ केवळ घेणाऱ्याला नसतो. ज्या शेतकऱ्याने बी नीट वाळवून, निवडून आणली, त्याला उताऱ्याचा आकडा दाखवून दोन रुपये अधिक देता येतात. आणि ज्याची बी कमी भरली, त्यालाही कारण दाखविता येते. मग भावावरून वाद उरत नाही, आणि पुढील हंगामात चांगला माल आपल्याच दारी येतो. वडीलधाऱ्यांची पारख आणि नव्या पिढीचा तक्ता यांनी एकाच मेजावर बसावे, ते याचसाठी.