दोन मायक्रॉनचं शिसं

कुलाब्याला, समुद्राला खेटून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात ही संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र मिळून 1988 पासून पेलेट्रॉन नावाचा, आयनांना वेग देणारा त्वरक चालवतात. 14 दशलक्ष व्होल्टचा. त्यातून सुटलेल्या जड आयनांना आणखी वेग द्यायला पुढे अतिवाहक लायनॅक जोडला, तो 2007 मध्ये संशोधकांसाठी पूर्ण खुला झाला. सात क्रायोस्टॅट म्हणजे अतिथंड टाक्या, प्रत्येकात चार, असे 28 रेझोनेटर, म्हणजे विद्युतक्षेत्राने आयनांना ढकलणाऱ्या धातूच्या पोकळ्या. बरेचसे भाग इथेच घडवलेले.

रेझोनेटर तांब्याचा, पण काम करतं ते शिसं. आतल्या अंगाला जेमतेम दोन मायक्रॉन जाडीचा शिशाचा मुलामा असतो आणि तो 7.2 केल्विनखाली अतिवाहक होतो. द्रव हेलियम 4.2 केल्विनला उकळतो, म्हणजे भागतं. दुसरा पर्याय नायोबियम धातूचा; तो 9.2 केल्विनलाच अतिवाहक होतो आणि गुणानेही सरस, पण महाग. त्याची जोडणी निर्वातात इलेक्ट्रॉन झोताने करावी लागते. शिसं साध्या विद्युत-विलेपनाने चढतं आणि बिघडलं तर उतरवून पुन्हा चढवता येतं. गाडी अडकवून न ठेवता काटकसरीने पुढे नेण्याची ही मुंबईकर रीत मला आवडते.

अतिवाहकात रोध शून्य, हे खरं एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापुरतं. रेझोनेटरमधल्या, 150 मेगाहर्ट्झला दिशा बदलणाऱ्या प्रवाहात थोडी ऊर्जा मुरतेच. शिवाय हा प्रवाह धातूच्या अगदी वरच्या, 40 नॅनोमीटरच्या आसपासच्या थरातूनच वाहतो. त्यामुळे वरच्या थराला जे झालं, ते सगळ्या रेझोनेटरला झालं. नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली तांब्याची घागर काळवंडली तर चिंच-मीठ लावून घासता येते, आणि नाही घासली तरी पाणी गळत नाही. शिशाचं तसं नाही. दमट हवेत ते पटकन ऑक्साइड धरतं, म्हणून विलेपनानंतर धुणं, कोरड्या नायट्रोजनने सुकवणं आणि लगेच निर्वातात बंद करणं, यात दिरंगाई चालत नाही. आत एक वॅट उष्णता वाढली की ती उपसायला बाहेर शेकडो वॅट वीज लागते.

नायोबियमचीही यातून सुटका नाही. हवा लागताच त्यावर सुमारे पाच नॅनोमीटरचा नायोबियम पेंटॉक्साइड बसतो. त्याची घडण विस्कळीत. त्यातले काही अणू दोन अवस्थांमध्ये हेलकावे घेतात आणि मायक्रोवेव्हची ऊर्जा गिळतात. पोकळीतलं विद्युतक्षेत्र प्रबळ असलं की ही भूक लवकर भागते, म्हणून त्वरकवाल्यांना ती फारशी जाणवली नाही. क्षेत्र एकेका फोटॉनवर आलं की मात्र हाच थर मुख्य चोर ठरतो. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये रोमानेंको आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवलं, की नायोबियमची पोकळी निर्वातातच 340 ते 450 अंश सेल्सिअसला भाजली तर पेंटॉक्साइडमधला ऑक्सिजन धातूत विरतो आणि 20 मिलिकेल्विनच्या खालीही फोटॉन दोन सेकंदांपर्यंत टिकतात. भट्टीतून काढून हवा लागू दिली, की थर परत येतो.

एकेका फोटॉनच्या अशाच दुबळ्या क्षेत्रात क्वांटम संगणकाचे घटक, म्हणजे क्यूबिट, काम करतात, आणि कुलाब्याच्या याच आवारात आता अतिवाहक क्यूबिटही बनतात. संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओबरोबर केलेल्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी 2024 मध्ये झाली. अशा क्यूबिटचा जीव जोसेफसन जोडात असतो, आणि गंमत म्हणजे हा जोड म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये मुद्दाम वाढवलेला, नॅनोमीटरभर जाडीचा ऑक्साइड.