शंभर एकरांच्या रानात

ऑगस्टचं ऊन डोक्यावर आलंय. गाडीतळावर जागा नाही. लहान मुलांच्या सॅकमधून पिवळी अस्वलं डोकी बाहेर काढून बसलीत. एका बापाने मोटारीच्या बॉनेटवर पुस्तक उघडं ठेवलंय. पुठ्ठ्याच्या आतच नकाशा आहे. घुबडाचं झाड, सशाचं बीळ, ईयोर गाढवाची ओलसर, उदास जागा. ‘इथून कुठे जायचं?’ मुलगी विचारते. बाप नकाशा उलटा करून बघतो. त्यातल्या होकायंत्रावर दिशांच्या जागी ‘POOH’ची अक्षरं आहेत, त्यामुळे त्याला तशी फारशी मदत होत नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समधल्या हार्टफील्ड गावाजवळचं हे ॲशडाउन फॉरेस्ट. विनी द पू या गोष्टीतल्या अस्वलाचं सगळं जग इथलंच. पण गर्द झाडी कुठाय? समोर पसरलंय माळरान. जांभळा हेदर गुडघ्याएवढा, मध्येमध्ये पिवळा गॉर्स. त्याचे काटे पँटमधूनही टोचतात. पायाखाली वाळू, कोरडी आणि सैल. मुलं दहा पावलांत बूट काढून झटकायला बसतात. झुडपाच्या टोकावर स्टोनचॅट पक्षी ओरडतोय, दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा. एवढाच आवाज.

सुमारे ६,४०० एकरांतला जवळपास दोन तृतीयांश भाग असा उघडा आहे. नॉर्मन राजांच्या काळापासून ही हरणांच्या शिकारीची राखीव जागा. पुढे तिच्याभोवती २३ मैलांचं कुंपण होतं, त्याला लहानमोठी ३४ दारं. दारं गेली, पण चक हॅच, चेलवुड गेट ही गावांची नावं राहिली. आजूबाजूच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या इथे गुरं चारली, नेचे कापून नेले, म्हणून माळ माळ राहिला. चरणं थांबलं की बर्च घुसतो. आताही वाटेला मेंढ्या दिसतात. मुलांना त्यांच्यात रस नाही. माझ्या मते मात्र पूच्या राज्याच्या खऱ्या राखणदार त्याच.

चढ संपतो तिथे गिल्स लॅप. पाइनची झाडं घोळका करून उभी आहेत. पुस्तकातली मंतरलेली जागा ती हीच. तिथली झाडं ६३ की ६४, हे गोष्टीत कुणालाच नक्की सांगता येत नाही. एक मुलगा बोटाने मोजायला लागतो, पलीकडून बहीण मोजते, दोघांचं जुळत नाही. आई पाण्याची बाटली उघडून देते. जवळच लेखक आणि चित्रकार दोघांच्या स्मरणार्थ दगड बसवलाय. त्याच्यापुढे जमीन उतरत जाते, दूर गर्द हिरवा पट्टा दिसतो. ते पाचशे एकरांचं रान, पुस्तकात शंभरावर आलेलं. ते खासगी मालकीचं आहे, पायवाट सोडायची नाही.

लेखकाने १९२५ मध्ये जवळच एक जुनं शेतघर घेतलं. त्याचा मुलगा तेव्हा पाचेक वर्षांचा. पुस्तक आलं १९२६ मध्ये. त्या वयाचं पोर जेवढं हुंदडेल, साधारण तेवढाच या राज्याचा विस्तार. मोठ्या माणसाला तो लगेच संपल्यासारखा वाटतो.

उताराला लागलं की सावली येते, चिखलही येतो. खाली ओढा, त्यावर लाकडी साकव. गोष्टीत पू काड्या सोडण्याचा खेळ खेळतो, तो हाच. आणि रांग. साकवावर एका वेळी चार-पाच मुलं मावतात, बाकीची काठावर. मूळ साकव १९०७ चा. आताचा १९९९ मध्ये नव्याने बांधलेला. जुन्याची लाकडं २०२१ मध्ये लिलावात एक लाख एकतीस हजार पौंडांना गेली. रांगेतला एक आजोबा हा आकडा ऐकून शीळ घालतो.

‘एक, दोन, तीन!’ प्रवाहाच्या वरच्या अंगाला काड्या पडतात. सगळी धावत दुसऱ्या कठड्याला. पाणी उन्हाळ्याचं, कमी आणि मंद. काही येत नाही. पोटावर झोपून एक मुलगी फळ्यांच्या फटीतून खाली बघते. ‘आली, आली!’ एक काडी येते, कडेच्या गवताला अडकते. कुणाची यावर भांडण. मागचे ओरडतात, ‘आता आमची पाळी!’

जवळच्या झाडांच्या खालच्या फांद्या हाताला येतील तिथवर ओरबाडलेल्या आहेत. जायचं असेल तर काडी बरोबर घेऊन जा.